कप्तान फिदाल्गोचे नऊ दिवस

२ ऑगस्ट १९५४ रोजी दादरा-नगरहवेलीतलं सेलवास स्वतंत्र झालं, तेव्हा पोर्तुगीज प्रशासक कप्तान व्हिर्जिलिओ फिदाल्गो आपले शिपाई घेऊन आधीच खानवेलच्या जंगलाकडे निघून गेला होता. तो शरण आला ११ तारखेला, उधव्याला. मधले नऊ दिवस तो कुठे राहिला, काय खाल्लं, कोणाला भ्यायला?

फास्टर फेणेची पुस्तकं वाचून पेटलेल्या आम्हा पोरांना याहून मोठं रहस्य गावात दुसरं सापडणं शक्य नव्हतं. एका जुन्या वहीत आम्ही नकाशा काढला आणि म्हाताऱ्या माणसांच्या मागे लागलो.

आजोबांची गोष्ट तारखांनी चालायची. २२ जुलैला दादरा सुटलं, तिथला फौजदार अनिसेतो रोझारियो मारला गेला. २८ ला नरोली. सेलवासवर खरं तर १५ ऑगस्टला जायचं ठरलं होतं, पण कम्युनिस्टांच्या तुकड्याही हद्दीत शिरल्या आणि ३१ जुलैलाच सगळे स्वयंसेवक करंबेळीहून निघाले. मोहिमेतले राजा वाकणकर, नाना काजरेकर ही नावं घेताना आजोबा ताठ बसायचे. पिपरियाला पावसानेच सगळ्यांना अडवून ठेवलं, असं सांगताना मात्र आवाज खाली यायचा. जणू ते स्वतः त्या चिखलात उभे होते.

आजीच्या गोष्टीत तारीख नसायचीच. तिच्या गोष्टीत दाराला लावलेला अडसर होता, फुंकर मारून विझवलेला कंदील होता, आणि बंदुकीचा आवाज कुठला नि विजेचा कुठला हे न कळणं होतं. पुढे बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं, गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून घरोघर पोचलं. हा गाणारा माणूस आदल्याच वर्षी त्या मोहिमेत होता, हे आजीला फार उशिरा कळलं. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी माणसं आमच्या गावासाठी भर पावसात आली होती, लता मंगेशकरांनी त्या कामाच्या निधीसाठी पुण्यात गायलं होतं. आजीला हे सारं मोहिमेपेक्षाही मोठं वाटायचं, आणि मला वाटतं तिचं बरोबर होतं.

रहस्याच्या मुळाशी आणखी एक रहस्य होतं. पोर्तुगीज इथे आलेच कसे? लढून नाही. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने त्यांच्या सांताना नावाच्या जहाजाचं नुकसान केलं. १७७९ च्या तहात त्याची भरपाई म्हणून बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं कबूल झाली आणि १७८३ मध्ये नगरहवेली त्यांच्याकडे गेली. समुद्रावरच्या एका जहाजापायी डोंगरातल्या वारली, कोकणा, धोडिया माणसांचा मालक बदलला. ज्यांनी समुद्र पाहिलाही नसेल, त्यांचा. इतिहासाच्या तासाला यापेक्षा मोठ्या अन्यायाची गोष्ट मी ऐकली नव्हती.

मग आम्ही पोचलो घरी लाकूडफाटा घेऊन येणाऱ्या वारली बाबांकडे. खानवेलकडचेच ते, त्यांना ठाऊक असणारच. वही उघडून विचारलं, “बाबा, कप्तान कुठे होता?”

“ठाव नाय,” ते म्हणाले. थोडा वेळ विडी ओढली. “आमी कुठं होतो, ते इचार ना.”

ते विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. पाड्यावरची माणसं पोरंबाळं घेऊन रानात शिरली होती. बंदूकवाले पुढून गेले तरी भीती, मागून आले तरी भीती. कोण साहेबाचा नि कोण स्वराज्याचा, अंधारात काय कळणार? भाताची आवणी नुकती झालेली, तिच्याकडे बघायलाही कोणी नाही. पोटाला कडूकंद, तेही नीट शिजवायला आग पेटवायची चोरी. बाबांची म्हातारी आई पाठंगुळीवर होती. ते हे सगळं शांतपणे सांगत होते आणि माझ्या वहीतला नकाशा त्यांच्या वाटांपुढे कोरा पडत गेला.

पुढे पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, तोही वाटेचाच. दमणहून दादरा-नगरहवेलीला जायचा त्यांना हक्क आहे का? १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला : साध्या माणसांना आणि मालाला होता, सैन्याला नव्हता, आणि भारताने काही चुकीचं केलं नाही. मोठमोठ्या वकिलांनी या वाटेचे कागद उलगडले. त्या वाटा पायाखाली घातलेल्या बाबांच्या पिढीची साक्ष मला कुठल्याच कागदात भेटली नाही.

म्हणून सेलवासवरची रहस्यकादंबरी मला वाचायची आहे. लंपनसारखा एखादा मुलगा, दमणगंगेचा पूर, गायब झालेला कप्तान; पण उलगडा मात्र पाड्यावरून व्हायला हवा. पिपरियाला आता कारखान्यांच्या रांगा आहेत आणि त्या पावसाची आठवण असलेली माणसं फारच थोडी उरली आहेत. जो कोणी ती लिहील, त्याने आधी खानवेलच्या पलीकडे जावं, अंगणात बसावं, आणि कप्तानाचं नाव न काढता तिथल्या माणसांचे ते नऊ दिवस विचारावेत.