चार मिनिटांचा जवाहर चौक

मागच्या बैठकीत जुन्या टी. टी. नगरच्या फोटोंचा विषय निघाला, तेव्हा "माझ्याकडे हलती चित्रं आहेत" असं मी जरा ऐटीत सांगून बसलो. त्या चित्रांचं मी काय करून ठेवलं तेही सांगायला हवं, म्हणून हे टिपण.

१ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतली कितीतरी मराठी कुटुंबं बिऱ्हाड बांधून इकडे आली. माझे मोठे काका त्यांतलेच. त्यांना जवाहर चौकाजवळ क्वार्टर मिळालं. काकूचा भाऊ हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये इंजिनियर होता. तो कारखाना ब्रिटनच्या एईआय कंपनीच्या सहकार्याने उभा राहत होता. त्या निमित्ताने मामा मँचेस्टरला जाऊन आले आणि येताना ८ मिमीचा कॅमेरा घेऊन आले. रविवारी बहिणीकडे जेवायला यायचं आणि जेवण झालं की चौकात उभं राहून चित्रण करायचं, हा त्यांचा छंद. त्यातली दोनच रिळं आता उरली आहेत. ती क्वार्टरं स्मार्ट सिटीच्या कामात गेली. आमच्या घराची जागा मलाही आता नेमकी दाखवता येत नाही. म्हणजे ही रिळं नुसती घरची आठवण राहिली नव्हती, हे मला कळत होतं. तरी मी केलं ते केलंच.

ट्रंकेतून डबा काढून झाकण उघडलं तर आतून काकूचा आवाज, "लोणच्याची बरणी उघडली का रे कोणी?" वास खरोखर आंबट होता. मला वाटलं, डबा कधीतरी फडताळात राहिला असेल. प्रत्यक्षात ती फिल्मच आंबली होती. अॅसिटेटची फिल्म ओल आणि उष्णतेने विघटित होते, त्यातून अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, सुटतं आणि तेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देतं. बंद डब्यात वाफ कोंडली की काम आणखी जलद. अशी फिल्म आकसते. हे मोजायला सोपं आहे. जुन्या पद्धतीच्या ८ मिमी फिल्मवर दोन छिद्रांमधलं अंतर ३.८१ मिमी, म्हणजे शंभर चौकटींची लांबी ३८१ मिमी भरायला हवी. आमच्या रिळाची ३७८ भरली. पाऊण टक्क्याच्या वर आकस. एक टक्क्याच्या आसपास गेलं की प्रोजेक्टरचा पंजा छिद्रात नीट बसत नाही आणि कडा फाडतो. पट्टी लावून पाहायला पाच मिनिटं लागतात, पण मी ती नंतर लावली.

प्रोजेक्टर जुन्या बाजारातून आणला होता. अमेरिकन, १२० व्होल्टचा. मी पेशाने विद्युत अभियंता, तेव्हा ट्रान्सफॉर्मर लावायला विसरलो नाही. विसरलो ते हे, की त्यांच्याकडे वीज ६० हर्ट्झची आणि आपल्याकडे ५० ची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. त्या जातीची मोटर इथे पाच षष्ठांश वेगानेच फिरणार, म्हणजे सेकंदाला १८ चौकटींऐवजी १५. (तीस वर्षं वीज खात्याशी संबंध असलेल्या माणसाने हे लिहून कबूल करायचं म्हणजे काय, ते वाचकांनी समजून घ्यावं.) गंमत अशी, की जुनी ८ मिमीची चित्रं बहुधा १६ चौकटींनी टिपलेली असत. तेव्हा पंधराने ती जवळजवळ बरोबर दिसली आणि माझी चूक महिनाभर लपून राहिली. उलट बाजूने, १६ ने टिपलेलं चित्र २४ ने चालवलं की माणसं दीडपट वेगाने पळतात. मूकपटातली माणसं दुडदुडताना आपण पाहतो, त्यातलं पुष्कळसं श्रेय या घोटाळ्याला आहे.

तालीम म्हणून दुसरं रीळ आधी लावलं. ते पुढच्या काळातलं, सुपर-८ चं. सुपर-८ कोडॅकने १९६५ मध्ये आणलं. पट्टीची रुंदी तीच ८ मिमी, पण छिद्रं बारीक आणि चौकट जवळजवळ दीडपट मोठी. यंत्रावर दोन्हींसाठी एक खटका होता. तो मी पाहिलाच नाही. रिळाच्या मधलं भोक मोठं असल्याने ते दांड्यावर डुगडुगत होतं, ती खूणही मला पुरली नाही. खटखट आवाज आला, मी तेलाची बाटली शोधायला उठलो आणि परत येईपर्यंत पंधराएक फुटांच्या छिद्रांच्या चिंधड्या झाल्या होत्या.

खटका सापडला, तसा धीर वाढला. मग पहिलं रीळ. पन्नास फूट, चार हजार चौकटी, सेकंदाला सोळा धरल्या तर चार मिनिटं दहा सेकंद. भिंतीवर चादर लावली. काकूला खुर्ची दिली. नव्या क्वार्टरांची ओळ आली, विटांच्या जाळीत लावलेली रोपं आली, सायकलींमागून सायकली आल्या. एकाएकी चित्र थरथरायला लागलं, रेषा ओढल्यासारखं. लूप सुटला होता.

हा लूप समजून घेण्यासारखा आहे. दातेरी चाकं फिल्म एकसारखी पुढे नेतात, पण गेटमध्ये, म्हणजे भिंगामागच्या खिडकीत, ती झटक्याझटक्याने सरकते. एक चौकट क्षणभर ठप्प उभी राहते, झडप उघडते, मिटते, पंजा पुढची चौकट ओढतो. या दोन चालींमधला ताण सोसायला खिडकीच्या वर आणि खाली फिल्मचं सैल वेटोळं सोडावं लागतं. १८९५ पासून अमेरिकेत त्याला लॅथमचं नाव चिकटलं आहे. वेटोळं आवळलं गेलं की सगळा हिसका छिद्रांवर येतो. मी यंत्र थांबवून वेटोळं पुन्हा केलं आणि सुरू केलं.

मग काका आले. सायकलवरून उतरले, स्टँड लावला आणि वळायला लागले. काकू म्हणाली, "थांबव, थांबव नं!"

मी थांबवलं. चित्र स्थिर ठेवायची कळ त्या यंत्रावर होतीच. अशा यंत्रात ती कळ दाबली की दिव्यासमोर उष्णता अडवणारी जाळी पडते. आमच्या यंत्रातली जाळी केव्हाच निखळून गेली होती, हे मी उघडून पाहिलं नव्हतं. चालू असताना एक चौकट खिडकीत सेकंदाचा पंधरावा हिस्सा राहते, म्हणून वाचते. थांबली की साऱ्या दिव्याची आच साडेचार मिलिमीटरच्या तुकड्यावर. चादरीवर काकांच्या खांद्यापाशी तपकिरी ठिपका उमटला, त्याला फोड आला, फोड पसरला आणि मधून पांढरा उजेड आला. मी घाबरून फिल्म ओढली, तर आकसलेली पट्टी तिथेच फाटली.

"काहून रे बंद केलं?" काकूने विचारलं. तिची नजर आता अधू आहे. तिला वाटलं, दिवा गेला.

पेटलं मात्र नाही, आणि त्यालाही इतिहास आहे. १८९७ च्या मे महिन्यात पॅरिसच्या धर्मादाय बाजारात प्रोजेक्टरच्या ईथरच्या दिव्यापायी लागलेल्या आगीत सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. पुढची कित्येक वर्षं थिएटरातली ३५ मिमी फिल्म नायट्रेटची असे, आणि ती एकदा पेटली की विझवणं कठीण. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेटचा साठा अशाच आगीत गेला, तेही जानेवारी २००३ मध्ये. म्हणून कोडॅकने घरासाठी १६ मिमी (१९२३) आणि ८ मिमी (१९३२) आणलं ते सेफ्टी फिल्मवरच. ती वितळते, भडकत नाही. दादासाहेब फाळके १९११ च्या सुमारास मुंबईत घरी मेणबत्तीच्या उजेडात, भिंगातून फिल्मचे तुकडे भिंतीवर पाडून रात्र रात्र पाहत बसत. डोळे गेले ते उपचारांनी परत आले. त्या मेणबत्तीचा विचार आला की मला आता दरदरून घाम फुटतो. इतके दिवस ती हकीगत मी नुसती कौतुकाने सांगत आलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून प्रोजेक्टर बंद. पाटावर दुधी काच, खाली एलईडी, हातात घड्याळजीचं भिंग आणि सुती हातमोजे, एवढ्यावर रीळ फूटफूट पाहिलं. पहिल्या दिवशी हेच करायचं होतं. चादरीवर जे दिसलं नव्हतं ते इथे दिसलं. फिल्मच्या कडेला कोडॅकची बारीक चिन्हं असतात, त्यांवरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं. ती दर वीस वर्षांनी फिरून येतात. आमची चिन्हं १९४२, १९६२ आणि १९८२ यांना सारखीच लागू. १९४२ मध्ये टी. टी. नगर नव्हतं आणि १९८२ पर्यंत ती रोपं झाडं झाली होती. तेव्हा फिल्म १९६२ ची. चित्रण त्याच वर्षी किंवा लगेच पुढे झालं असणार. वल्लभ भवन अजून सुरू व्हायचं होतं आणि काका जुन्या सचिवालयात जात, हे काकूच्या बोलण्याशीही जुळलं.

एकूण अकरा चौकटी गेल्या. सेकंदाच्या दोन तृतीयांशाला थोड्या जास्त. तुकडे टेपने जोडून आता एकेक चौकट कॅमेऱ्याने टिपून घेतली आहे. यंत्रातून न चालवता, हाताने सरकवत, पंधरा संध्याकाळी. संगणकावर काका सायकल लावतात, वळायला लागतात, आणि एकदम दाराच्या पायरीवर असतात. काकूला ते दाखवलं. तिने दोनदा पाहिलं आणि विचारलं, "इकडे पाहिलं होतं का त्यांनी?" पाहिलं असावं. एका अर्ध्या जळालेल्या चौकटीत कान आणि चष्म्याची काडी आहे.

सुपर-८ च्या रिळाची छिद्रं अजून दुरुस्त व्हायची आहेत. एकेका छिद्रावर पारदर्शक टेपची पट्टी बसवावी लागते, एका बैठकीत फूटभर होतं. त्याच्या सुरुवातीला भिंगाखाली गणपतीचा मांडव दिसतो आणि मागे दुकानांची ओळ, पाट्यांसकट. कोणाकडे जवाहर चौकातल्या त्या काळच्या दुकानांची नावं असतील तर कळवा. आणि घरात रीळ सापडलं तर लावून पाहू नका, वास घ्या आणि मला बोलवा. पट्टी आणि भिंग मी घेऊन येईन.