टाइमशेअर विनिमय : नियमबदल आणि सभासदांचे हक्क

पर्यटन निवासात दरवर्षी ठराविक काळ, बहुधा एक आठवडा, राहण्याचा आगाऊ विकत घेतलेला हक्क म्हणजे टाइमशेअर. स्टर्लिंग (१९८६) आणि महिंद्र हॉलिडेज (१९९६) या कंपन्यांनी ही पद्धत भारतीय मध्यमवर्गापर्यंत पोहोचविली. महिंद्रच्या प्रचलित सभासदत्वाची मुदत २५ वर्षांची आहे. इतक्या दीर्घ काळात नियम बदलले, तर ते कितपत न्याय्य ठरतात, हा सभासदांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

विनिमय कसा होतो?

दरवर्षी एकाच ठिकाणी न जाता सभासद आपला आठवडा विनिमय संस्थेकडे जमा करतो आणि त्या बदल्यात अन्यत्र मुक्काम मिळवितो. १९७४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली आरसीआय ही या क्षेत्रातील अग्रणी संस्था असून तिचे भारतातील कामकाज बंगळुरू येथून चालत आले आहे.

येथे करार दोन असतात. एक निवास विकणाऱ्या कंपनीशी, दुसरा विनिमय संस्थेशी. ‘जगभर कोठेही सुट्टी’ हे आकर्षण विक्रीच्या वेळी दाखविले जाते. प्रत्यक्ष विनिमयाचे नियम मात्र दुसरीच संस्था ठरविते.

वादाचे मूळ

जमा केलेल्या आठवड्याचे मूल्य हंगाम, मागणी, खोलीचा आकार आणि तो किती आधी जमा केला यांवर ठरते. आरसीआयने हे मूल्य सभासदांना आकड्यांत दाखविण्यास २०१० मध्ये प्रारंभ केला. त्यापूर्वी आपल्या आठवड्याचे नेमके मोल सभासदाला कळत नसे.

समजा, पुण्यातील एका कुटुंबाने गोव्यातील डिसेंबरचा आठवडा जमा केला आणि त्यानंतर मूल्यांकनाची पद्धत बदलली. आठवडा हातून गेलेला असतो. मोबदला मात्र नव्या नियमाने मिळतो. अन्यायाची तक्रार मुख्यतः अशा पूर्वलक्षी बदलांबाबत संभवते. पुढील वर्षापासून लागू होणारा आणि पुरेशी पूर्वसूचना दिलेला बदल वेगळा. मागणी व शुल्क बदलत असल्याने काही फेरबदल अटळ असतात आणि एका सभासदाचे नुकसान कित्येकदा दुसऱ्याचा लाभ ठरते.

जमा आठवड्यांचा वापर हाही वादाचा विषय आहे. सभासदांनी जमा केलेले आठवडे बाहेरच्या ग्राहकांना भाड्याने दिले जातात, असा आरोप करीत २००६ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे आरसीआयविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. तो तडजोडीने मिटला.

कायदा काय सांगतो?

युरोपीय संघाच्या १९९४ च्या टाइमशेअर निर्देशात विनिमय कराराचा समावेश नव्हता. २००८ च्या निर्देशात तो झाला आणि ग्राहकाला १४ दिवसांत करारातून माघार घेण्याचा हक्क मिळाला. भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. मात्र २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही संकल्पना आहे. ग्राहकाच्या हक्कांत लक्षणीय बदल घडविणाऱ्या, अवाजवी आकार किंवा जाचक अटी लादणाऱ्या करारांचा तीत समावेश होतो.

अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे करावी लागते. मोबदला १० कोटी रुपयांहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोगाकडे. अनुचित अट रद्दबातल ठरविण्याचा अधिकार या आयोगांना आहे. कंपनीचे कार्यालय बंगळुरूत असले, तरी महाराष्ट्रातील रहिवासी महाराष्ट्र राज्य आयोगाकडे दाद मागू शकतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

सभासदांनी काय तपासावे?

नियम एकतर्फी बदलण्याचा अधिकार करारात कोणाला आहे, बदलाची पूर्वसूचना किती दिवसांची आहे, आधी जमा केलेल्या आठवड्यांना जुना नियम लागू राहतो काय आणि बदल अमान्य असल्यास बाहेर पडता येते काय, हे चार मुद्दे सही करण्यापूर्वी पाहावेत. आठवडा जमा केल्याची पावती आणि त्या दिवशी लागू असलेल्या नियमांची प्रत जपून ठेवावी. वाद झाल्यास नियम कधी बदलला, हे तिच्या आधारेच दाखविता येते.