अखत्यारातील फेरफाराची वर्दी

दफ्तरातील कागद कोणी पाहावा आणि कोणी पाहू नये, हा प्रश्न दफ्तराइतकाच पुराणा आहे. परंतु पाहण्याचा तो अखत्यार कोणी, कोणास व केव्हा दिला याची स्वतंत्र नोंद ठेवावी आणि त्या नोंदीत यत्किंचित फेरफार होताच धन्यास वर्दी पोहोचावी, ही व्यवस्था संगणकाच्या दुनियेत स्थिरावण्यास जवळजवळ चार दशके लागली.

तिचा पूर्वार्ध आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत घडला. तेथे सिस्टिम आर हा प्रायोगिक डेटाबेस सिद्ध होत असता, पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ साली अधिकारदानाची रीत मांडली. कोष्टक निर्माण करणारा तोच त्याचा धनी; त्याने 'ग्रँट' या आज्ञेने दुसऱ्यास अधिकार द्यावा, मुभा असल्यास दुसऱ्याने तो तिसऱ्यास द्यावा, आणि मूळ धन्याने 'रिव्होक' म्हणताच केवळ त्या दानावर उभी असलेली पुढची सारी परंपरा आपोआप लयास जावी, अशी ती योजना होती. कोणते दान कोणत्या दानातून निघाले हे ठरविण्यासाठी, सनदेवर तिथी घालावी त्याप्रमाणे, प्रत्येक दानापुढे त्याची वेळ टिपली जाई. नोंद अशी चोख होती; पण ती मुकी होती.

नोंदींच्या राशीतून विपरीत तेवढे निवडून रखवालदारापुढे ठेवावे, हा विचार जेम्स अँडरसन यांनी १९८० च्या अहवालात मांडला, आणि डोरोथी डेनिंग यांनी १९८७ साली त्यास शास्त्रीय रूप दिले. त्याची निकड किती होती हे दरम्यान बर्कलीत दिसून आले. १९८६ च्या ऑगस्टात तेथील लॉरेन्स प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञापुढे संगणकाच्या हिशेबातील ७५ सेंटांची तफावत आली. जर्मनीतील हॅनोव्हरहून आलेल्या एका घुसखोराने टपाल हलविणाऱ्या प्रणालीतील उणिवेचा लाभ घेऊन सर्वाधिकार मिळविले होते. अधिकार बदलल्याची वर्दी कोणी दिली नाही. ती दिली जमाखर्चाने. मग स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या वाहिन्यांवर मुद्रणयंत्रे जोडून घुसखोराचे प्रत्येक अक्षर कागदावर उतरवून घेतले, आणि त्याने उंबरठा ओलांडताच खिशातील पेजर वाजावा अशी तजवीज केली.

२००९ साली ॲमेझॉनने आरडीएस ही क्लाउड डेटाबेसची सेवा सुरू केली, तेव्हा कुलूपबंद खोलीचे दार जाऊन त्या जागी, कोणी आत यावे हे ठरविणाऱ्या नियमाची एक ओळ आली. चाचणीपुरते म्हणून कोणी डेटाबेसच्या ३३०६ या पोर्टापुढे ०.०.०.०/० असे लिहिले आणि विसरून गेला, की कडीकोयंडा न मोडता ते दार साऱ्या जगास उघडे होते. उघड्या दाराची किंमत काय असते ते २०१७ च्या जानेवारीत दिसले: हजारो मोंगोडीबी डेटाबेस परवलीच्या शब्दावाचून इंटरनेटवर सापडले, आणि लुटारूंनी आतील नोंदी पुसून त्यांच्या जागी बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी ठेवली.

२०१३ च्या नोव्हेंबरात आलेल्या ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेल या सेवेने नियम बदलणाऱ्या प्रत्येक आज्ञेची नोंद घेण्यास आरंभ केला: नियम कोणी बदलला, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या क्षणी. त्या नोंदीवर चाळणी लावून इशारा पाठविण्याची सोय झाली, तेव्हा मुक्या दफ्तरास वाचा फुटली. पहारा जाणत्या हातांनी बसविला असेल तर 'स्टॉप लॉगिंग' या आज्ञेवर, म्हणजे नोंदच थांबविण्याच्या प्रयत्नावरही, वर्दी लावलेली असते. कारण जाणता चोर आधी पहारेकऱ्याची मशाल विझवितो.

२०१६ साली ॲमेझॉनचे क्लाउड केंद्र मुंबईत आले. २०२२ च्या एप्रिलात सर्ट-इन या भारत सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेने फर्माविले की नोंदी १८० दिवस राखाव्यात, आणि घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत ती कळवावी. या दोहोंपैकी १८० दिवसांची नोंद चौकशीच्या कामी येते. पण सहा तासांची गणना ध्यानात येण्यापासून सुरू होते, आणि ध्यानात आणून देते ती वर्दीच. म्हणून ज्याच्या हाती दुसऱ्यांच्या नोंदी सोपविलेल्या आहेत, त्याने अखत्यारातील फेरफाराची वर्दी सर्वांआधी लावावी, आणि ती कोणा जागत्या माणसाच्या हाती पोहोचते की नाही, हे स्वतः एकदा पाहून घ्यावे.