माळव्याची अफू, दमणचीं गलबतें व कंपनीचा परवाना

पश्चिम किनाऱ्यावरील चोरट्या व्यापारास कंपनी सरकारनें आळा कसा घातला, हें पाहूं जातां पहाऱ्याच्या नौका व जप्तीचे कागद प्रथम डोळ्यांपुढें येतात. अफूच्या बाबतींत मात्र या प्रश्नाचा निकाल जमाखर्चाच्या वहीवर लागला, असें आमचें मत आहे.

बंगाल्यांत अफूचा मक्ता कंपनीकडे होता. माळव्याची अफू संस्थानी मुलखांत पिके आणि चीनच्या बाजारांत बंगालच्या मालाचा भाव पाडी. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कंपनीनें मुंबईकडून होणारी तिची निर्यात बंद केली. तेव्हां माल पोर्तुगीजांच्या दमण व दीव बंदरांकडे वळला. १८१८ नंतर कंपनीनें स्वतः खरेदी करून पाहिली. पुढें संस्थानिकांशीं करार करून नाकेबंदी केली. होळकरांनीं करार मान्य केला, शिंद्यांनीं केला नाहीं. जवळच्या वाटा अडल्या तशी अफू पाली व जेसलमीर या मार्गानें कराचीस जाऊं लागली. तेथें ती गलबतांत चढे, दमणास उतरे व चीनकडे रवाना होई. कराची तालपूर अमीरांची, दमण पोर्तुगीजांचें. गलबत अडवावें तर तें परक्या बंदरांतून परक्या बंदरास जाणारें!

अखेर १८३० च्या सुमारास कंपनीनें परवान्याची पद्धत काढली. पेटीमागें १७५ रुपये भरावे व माल मुंबईहून उघडपणें न्यावा. तरीहि पुष्कळ माल कराचीच्या वाटेनेंच जाई. म्हणून १८३५ सालीं फी १२५ रुपयांवर आणावी लागली. १८४३ सालीं सिंध इंग्रजांच्या हातीं आला आणि त्याच वर्षीं फी २०० झाली. १८४५ सालीं ३०० व १८४७ सालीं ४०० रुपये. कराचीची वाट बंद होण्याचें मोल या चढत्या आकड्यांत स्पष्ट दिसतें.

शुल्क चुकवून जाणारास कौटिल्यानें आठपट दंड सांगितला आहे. तेथें अपराध राजाच्या शुल्काचा आहे, मालाचा नव्हे. येथेंहि तोच न्याय दिसतो. दमणास चोरटी ठरणारी पेटी परवाना मिळतांच मुंबईस सचोटीची झाली. आणि चीनमध्यें १८५८ पर्यंत अफूची आयात निषिद्ध असल्यामुळें तीच पेटी तेथें पुन्हां चोरटी ठरली. यास्तव दप्तरांत ‘चोरटा माल’ हे शब्द आढळतांच संशोधकानें प्रथम विचारावें, चोरी कोणाच्या जकातीची?