पंडितराज आणि लवंगी

ज्येष्ठात गंगा-दशहऱ्याला तुमच्या गावीही गंगालहरी म्हणत असतील. हे स्तोत्र रचणाऱ्यालाच काशीच्या पंडितांनी वाळीत टाकले होते म्हणे! आंध्रातला हा ब्राह्मण जगन्नाथ सतराव्या शतकात शाहजहानच्या दरबारी गेला आणि ‘पंडितराज’ झाला. इतके इतिहासाला मान्य आहे. लवंगीचे तसे नाही. या मुसलमान तरुणीवर त्याचे मन जडले, हे सांगतात त्याच्या नावावरचे काही सुटे श्लोक आणि दंतकथा. विद्याधर गोखल्यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ हे संगीत नाटक १९६० साली रंगभूमीवर आले, ते नेमके ह्याच प्रेमावर. चाली वसंत देसायांच्या. जिथे इतिहासकाराला गप्प बसावे लागते, तिथे नाटककार पद घालतो! शिक्षकबंधूंनो, वर्गात दोन्ही जरूर सांगा, फक्त सरमिसळ नको. दंतकथेत एकेका श्लोकासरशी गंगा एकेक पायरी चढते आणि ५२व्या श्लोकाला दोघांनाही पोटात घेते. माझ्या आजोळी एका म्हाताऱ्यांना गंगालहरी तोंडपाठ होती. लवंगीचे नाव काढले, की ते पावसापाण्याची चौकशी करू लागत.