मोठ्या फायलींची चाचणी (पायथन भाषा)

एखाद्या संगणकभाषेला 2 जीबीपेक्षा मोठी फाइल उघडता, वाचता, लिहिता आणि कापता येते की नाही, हे पाहणारी चाचणी. पायथनच्या मूळ अंमलबजावणीत, म्हणजे सीपायथनमध्ये, ती भाषेच्या स्वतःच्या चाचणीसंचात ‘टेस्ट लार्जफाइल’ या नावाने येते. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पायथनवर उभ्या राहिलेल्या ज्ञानसंचय प्रणालीमुळे या विषयाला महाराष्ट्रात एक प्रत्यक्ष संदर्भ आहे.

मर्यादेचे मूळ : फाइलीत आपण कितव्या बाइटवर आहोत हा आकडा, म्हणजे ऑफसेट, 32 बिटांच्या यंत्रणांवर चिन्हासह 32 बिटांत ठेवला जाई. एक बिट चिन्हाला गेला की उरलेल्या 31 बिटांत बसणारा सर्वांत मोठा आकडा 2,147,483,647. पुढच्या बाइटला तो ऋण होतो आणि डिस्कवर जागा शिल्लक असूनही फाइल अडते. 1996 साली ‘लार्ज फाइल समिट’ने युनिक्स यंत्रणांसाठी 64 बिटांच्या ऑफसेटचा समान मार्ग आखला. लिनक्सवर तो 2.4 कर्नल (2001) आणि ग्लिबसी या सी भाषेच्या मूळ ग्रंथालयाची 2.2 आवृत्ती यांच्याबरोबर रुळला. मात्र कर्नलने सोय केली म्हणून ती भाषेच्या पदरात आपोआप पडत नाही. इंटरप्रिटर, म्हणजे भाषा चालवणारा प्रोग्रॅम, बांधतानाच 64 बिटांच्या ऑफसेटचा पर्याय चालू असावा लागतो. तो नसलेला पायथन त्याच यंत्रावर, त्याच डिस्कवर 2 जीबीला थांबत असे. पायथनच्या जुन्या माहितीपुस्तिकेत यासाठी ‘कॉन्फिगर’ कसे चालवावे याच्या सूचना स्वतंत्रपणे दिल्या होत्या. विंडोजवरची अडचण वेगळी : तेथे 64 बिटांच्या यंत्रणेवरही सी भाषेतला ‘लाँग’ 32 बिटांचाच असतो, त्यामुळे फाइलीतले स्थान बदलण्यासाठी निराळी फंक्शने वापरावी लागतात.

चाचणीची रीत : चाचणी 2,500,000,000 हा आकार धरते. फाइलीच्या आरंभी ‘झेड’ हे अक्षर लिहिले जाते, मग एकदम अडीच अब्जाव्या स्थानावर उडी घेऊन ‘ए’ हे अक्षर लिहिले जाते. फाइलीची लांबी होते 2,500,000,001 बाइट, पण मधल्या पोकळीत काहीच लिहिलेले नसते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिम अशी पोकळी डिस्कवर साठवत नाहीत. लांबीची फक्त नोंद ठेवतात. अशा विरळ फाइलीमुळे ही चाचणी छोट्या डिस्कच्या जुन्या संगणकावरही क्षणात पार पडते. इतक्या कमी खर्चात इतकी नेमकी खात्री देणाऱ्या चाचण्या कोणत्याही भाषेच्या संचात थोड्याच सापडतील.

यानंतर क्रमाने पाहिले जाते : यंत्रणेने सांगितलेली लांबी बरोबर आहे का, आरंभापासून, सध्याच्या स्थानापासून आणि शेवटापासून उलटे मोजत नेले तर फाइल योग्य जागी पोचते का, दूरच्या टोकाचे ‘ए’ जसेच्या तसे वाचता येते का. पुढे कापणी. आधी शेवटचे काही बाइट कापले जातात. मग 42 व्या बाइटवर उभे राहून दूरचे टोक पुन्हा कापले जाते आणि आपले स्थान हलले नाही ना हे तपासले जाते. शेवटी फाइल एका बाइटवर आणली जाते. पायथन 3 मध्ये हे सारे दोनदा चालते : एकदा सी भाषेत लिहिलेल्या इनपुट-आउटपुट विभागावर, एकदा निव्वळ पायथनमध्ये लिहिलेल्या त्याच्या जोडविभागावर. 2.7 आवृत्तीत जुने अंगभूत ‘ओपन’ धरून असे तीन मार्ग होते.

अपयश कोणाचे, हे वेगळे काढण्याची काळजी हा या चाचणीचा सर्वांत मोलाचा गुण होय. मुख्य तपासणीपूर्वी 2,147,483,649 या स्थानावर एक अक्षर लिहून पाहिले जाते. ते जमले नाही तर फाइलसिस्टिमलाच मोठी फाइल झेपत नाही असे मानून चाचणी वगळली जाते. भाषेवर ठपका येत नाही. वापरकर्त्यावर फाइलीच्या आकाराची मर्यादा घातलेली असेल, तर युनिक्स यंत्रणा ती ओलांडणाऱ्या प्रोग्रॅमला संकेत पाठवून जागीच बंद पाडते. चाचणीत तो संकेत दुर्लक्षिला जातो, म्हणजे चूक नेहमीच्या एक्सेप्शनच्या रूपात हाती येते. विंडोज आणि मॅकवर पोकळी खरोखरच भरली जाण्याचा संभव असल्याने तेथे ‘लार्जफाइल’ हा पर्याय मुद्दाम दिल्याशिवाय चाचणी चालत नाही.

उघडकीस आलेला दोष : पायथनच्या दोषनोंदीतील क्र. 5016. फाइलीत मागेपुढे जाता येते का, असे विचारल्यावर 2 जीबीपलीकडे उभी असलेली फाइल ‘नाही’ असे उत्तर देऊ शके. सध्याचे स्थान 32 बिटांत कोंबले जाई, ते ऋण दिसे, आणि ऋण आकडा म्हणजे चूक असा अर्थ लावला जाई. वाचन-लेखन मात्र सुरळीत चाले, म्हणून दोष दिसायला अवघड. आता चाचणीत 2 चा 31 वा घात, त्याच्या एक अलीकडचे आणि एक पलीकडचे अशी तीनही स्थाने तपासली जातात.

त्रुटी : अडीच अब्ज हा आकडा 2 च्या 31 व्या आणि 32 व्या घातांच्या मध्ये पडतो. त्यामुळे चिन्हाची चूक पकडली जाते. पण 4,294,967,296 पाशी चिन्हविरहित 32 बिट संपल्यावर होणारी चूक मुख्य चाचणीतून निसटू शकते. फॅट 32 पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर एका फाइलीची मर्यादा याच आकड्यापेक्षा एका बाइटने कमी असते.

मानखुर्द येथील संदर्भ : होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना 1974) हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे केंद्र व्ही. एन. पुरव मार्गावर, अणुशक्तीनगरला लागून आहे. तेथील ‘नॉलेज लॅब’ने नागार्जुन जी. यांच्या नेतृत्वाखाली संकल्पना आणि त्यांच्यातील संबंध साठवणारी ‘नोसिस’ ही प्रणाली पायथनमध्ये विकसित केली. ती ग्नू प्रकल्पात स्वीकारली गेली आणि झोप या पायथनमधील वेब ॲप्लिकेशन सर्व्हरला जोडून चालत असे.

झोपमुळे मोठ्या फाइलींचा प्रश्न येथे येऊ शकतो. झोपचा अंगभूत डेटाबेस सर्व काही ‘डेटा डॉट एफएस’ या एकाच फाइलीत ठेवतो, तेही फक्त शेवटी भर घालत. एखादे पान दहादा सुधारले की दहा प्रती आत राहतात, आणि ‘पॅक’ करेपर्यंत जुन्या निघत नाहीत. म्हणजे मजकूर थोडा असूनही निव्वळ संपादनांमुळे फाइल फुगते. या फाइलीच्या रचनेत स्थानांसाठी आठ बाइट राखलेले आहेत, म्हणजे डेटाबेसची तयारी पुरेशी होती. 2 जीबीची भिंत येई ती खालच्या पायथनमधून. पॅक करताना नवी प्रत तयार होते आणि जुनीही राहते, म्हणून डिस्कवर जवळपास दुप्पट जागा लागते. झोप चालवणाऱ्या कोणत्याही संस्थेने इंटरप्रिटर आधी मोठ्या फाइलीवर तपासावा, हे या रचनेतूनच निघते. चित्रे-ध्वनिफिती या मुख्य फाइलीबाहेर ठेवण्याची ‘ब्लॉब’ सोय डेटाबेसच्या 3.8 आवृत्तीत आली.

नॉलेज लॅबची पुढची प्रणाली, ‘जीस्टुडिओ’, जँगो या पायथनमधील वेबचौकटीवर उभी राहिली आणि नंतर मोंगोडीबी या डेटाबेसकडे वळली. ऑगस्ट 2013 मध्ये सुरू झालेले मुक्त शैक्षणिक साधनांचे राष्ट्रीय भांडार तिच्यावर आधारले होते. 32 बिटांची अडचण येथेही होती : डेटा थेट स्मृतीत जोडून घेणारी मोंगोडीबीची 32 बिटांची आवृत्ती सुमारे 2 जीबी डेटापर्यंतच चाले. मोंगोडीबीत एका नोंदीची कमाल मर्यादा 16 एमबी असल्याने मोठी फाइल लहान तुकडे करून साठवण्याची ‘ग्रिडएफएस’ ही सोय आहे. शाळेतल्या एका सर्व्हरवर चित्रफिती साठवून इंटरनेटशिवाय शिकवायचे असेल, तर या तांत्रिक मर्यादांचा भार सरळ वर्गावर येतो; शिक्षणाच्या सॉफ्टवेअरसंबंधीच्या लेखनात त्यांना मिळणारी जागा फार अपुरी आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्था, कुलाबा : मोठ्या फायलींशी संबंध येणारे मुंबईतील आणखी एक ठिकाण; येथे सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाचे टियर-2 संगणन केंद्र आहे. या प्रयोगाच्या फायली ‘रूट’ या रचनेत असतात. रूटची फाइल 2,000,000,000 बाइटांपुढे गेली की तिच्यातील स्थाने चारऐवजी आठ बाइटांत लिहिली जातात आणि आवृत्तीक्रमांकात दहा लाख मिळवले जातात, जेणेकरून वाचणाऱ्या प्रोग्रॅमला बदल कळावा.

स्मृतीची चाचणी : मोठ्या फायलींऐवजी स्मृतीतील प्रचंड मजकूर व याद्या तपासणारी ‘बिगमेम’ चाचणी पायथनमध्ये स्वतंत्र आहे.