प्रकल्पाबाहेरचा नियम: बिल्ड टूल आणि सार्वत्रिक प्लगइन यांचा इतिहास

माणसाने लिहिलेला कोड आणि यंत्राला चालवता येईल अशी तयार फाइल यांच्या मधले काम जे साधन करते, त्याला सॉफ्टवेअरच्या व्यवसायात बिल्ड टूल म्हणतात; कोड कंपाइल करणे, लागणाऱ्या लायब्ररी शोधून आणणे, चाचण्या चालवणे आणि शेवटी सर्व काही एकत्र बांधणे ही कामे ते ठरलेल्या क्रमाने पार पाडते. या साधनाच्या मूळ क्षमतेत भर घालणारा सुटा जोडभाग म्हणजे प्लगइन. एरवी प्लगइनचे नाव आणि आवृत्ती प्रकल्पाच्या स्वतःच्या बिल्ड फाइलमध्ये लिहिली जाते. परंतु एकाच प्रोग्रामरच्या हाताखाली पंधरा-वीस प्रकल्प आले की तेच नाव तितक्या फाइलींत पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा आपल्या संगणकावर एकाच ठिकाणी लिहून ते सर्वांना लागू करावे, असे साहजिकच वाटू लागते. ही गरज या साधनांइतकीच जुनी आहे, आणि नियम प्रकल्पात असावा की प्रकल्प ज्या संगणकावर ठेवला आहे तेथे असावा, हा वादही तिच्याबरोबरच चालत आला आहे.

अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन लिहिले. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी आपल्या प्रोग्राममधील चूक दुरुस्त केली होती, मात्र ती फाइल नव्याने कंपाइल झाली नव्हती, आणि त्यामुळे बरोबर असलेल्या कोडमध्ये दोष शोधण्यात त्यांची सकाळ वाया गेली. ‘मेक’चे निमित्त हे असे घडले. कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे हे ‘मेकफाइल’मध्ये नोंदवायचे, आणि बदलाच्या वेळा ताडून जेवढे शिळे झाले तेवढेच ‘मेक’ने पुन्हा तयार करायचे, ही त्याची पद्धत होती. सी भाषेतील फाइल कशी कंपाइल करायची यासारखे काही नियम ‘मेक’च्या पोटातच होते. प्रकल्पाबाहेरच्या नियमाचा हा आरंभीचा नमुना असला, तरी तो निर्धोक होता, कारण साधन जेथे जाई तेथे हे अंगभूत नियम त्याच्यासोबत जात. पुढे ग्नू प्रकल्पाच्या ‘मेक’मध्ये ‘मेकफाइल्स’ नावाचे एक पर्यावरण-चल आले, म्हणजे संगणकावर लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या सत्रात साठवलेले असे मूल्य, की त्यात लिहिलेल्या फाइली प्रत्येक बिल्डच्या आधी वाचल्या जातात. हे चल लॉगिनच्या वेळी आपोआप भरावे आणि मेकफाइलने त्यावर विसंबावे, हा विचार फार वाईट आहे, कारण अशी मेकफाइल दुसऱ्या कोणी चालवली तर ती चालणार नाही, असे त्या साधनाच्या पुस्तिकेनेच स्पष्ट बजावले आहे. सोय देणाऱ्यांनीच तिच्या गैरवापराविरुद्ध इतक्या उघड शब्दांत सावध करावे, ही या इतिहासातील सर्वांत मोलाची नोंद मानावी लागेल.

जावा भाषेच्या प्रसारानंतर जेम्स डंकन डेव्हिडसन यांचे ‘अँट’ २००० मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. वापरकर्त्याच्या घर-फोल्डरमधील, म्हणजे संगणकावरील त्याच्या खासगी जागेतील, एका ठराविक कप्प्यात ठेवलेल्या लायब्ररी त्याला पुढे सर्व प्रकल्पांसाठी उपलब्ध होऊ लागल्या. ‘मेव्हन’ने मात्र जाणीवपूर्वक उलट बाजू घेतली. त्याची दुसरी मोठी आवृत्ती २००५ मध्ये आली; तिच्यात घर-फोल्डरमधील ‘सेटिंग्ज’ फाइलला पासवर्ड, प्रॉक्सी आणि लायब्ररी कोठून आणायच्या त्या भांडारांचे पत्ते लिहिण्याची मुभा होती, पण तेथून बिल्डमध्ये प्लगइन घुसवण्याची नव्हती. समान नियम हवा असेल, तर सामायिक ‘पालक’ फाइल तयार करावी आणि प्रत्येक प्रकल्पाने तिचे नाव व आवृत्ती आपल्या फाइलमध्ये लिहावी, अशी तिची मांडणी होती. या कडकपणाबद्दल ‘मेव्हन’ला पुष्कळ बोल लागले, तरीही त्यामागचा विचार पक्का होता.

पुढच्या पिढीने ही बंद केलेली वाट पुन्हा उघडली. हान्स डॉक्टर यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये अवतरलेल्या ‘ग्रेडल’मध्ये घर-फोल्डरच्या ‘.ग्रेडल’ कप्प्यातील ‘इनिट.डी’ या उपफोल्डरमध्ये ठेवलेली प्रत्येक स्क्रिप्ट बिल्ड सुरू होण्यापूर्वी चालते, आणि तिच्यात ‘ऑलप्रोजेक्ट्स’ हा गट उघडून आत प्लगइन लावला की त्या संगणकावरील प्रत्येक ग्रेडल प्रकल्पाला तो लागतो. मात्र हे दिसते तितके सरळ नाही. प्रकल्पाच्या फाइलमध्ये प्लगइन त्याच्या छोट्या ओळख-नावाने जोडता येतो, तर या स्क्रिप्टमध्ये बाहेरून आणलेला प्लगइन त्याच्या वर्गाच्या पूर्ण नावानेच जोडावा लागतो. हा फरक ठाऊक नसल्यामुळे प्लगइन सापडत नाही असा संदेश पाहून अनेकजण बुचकळ्यात पडतात. स्काला भाषेसाठीच्या ‘एसबीटी’मध्ये घर-फोल्डरमधील ‘.एसबीटी’ कप्प्यात साधनाच्या आवृत्तीच्या नावाचा फोल्डर आणि त्याच्या आत ‘प्लगइन्स’ हा फोल्डर अशी जागा ठरलेली आहे, तर क्लोजरच्या ‘लायनिंगेन’मध्ये वापरकर्त्याच्या ‘प्रोफाइल्स’ फाइलमध्ये तीच सोय मिळते.

नियम वस्तूत नसून जागेत असणे म्हणजे काय, हे जयपूरच्या उदाहरणाने चांगले समजते. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या निमित्ताने महाराजा रामसिंह दुसरे यांच्या काळात तटबंदीच्या आतील शहर गुलाबी रंगवले गेले, आणि परकोटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या भागात दर्शनी भिंतींचा रंग आजही नियमाने ठरतो. राजस्थान आवासन मंडळाने वसवलेली मानसरोवर ही विस्तीर्ण वसाहत त्याच शहरात आहे; पण परकोट्यातील एखाद्या घराचा आराखडा जसाच्या तसा उचलून मानसरोवरच्या भूखंडावर घर बांधले, तर त्याच्यासोबत गुलाबी रंगाचे बंधन येत नाही, कारण ते बंधन आराखड्यात लिहिलेलेच नव्हते. घर-फोल्डरमध्ये ठेवलेला प्लगइन नेमका असाच मागे राहतो. एकाच्या संगणकावर बिल्ड सुरळीत होतो, सहकाऱ्याकडे किंवा सर्व्हरवर तो फुटतो, आणि ‘आमच्याकडे तर चालतंय’ हे उत्तर ऐकावे लागते. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी बिल्ड दोन्हीकडे होतो, पण तयार फाइली वेगवेगळ्या निघतात आणि कोणाच्याही ते लक्षात येत नाही.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहिला नाही. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले होते की मूळ कोड कितीही स्वच्छ असला, तरी कंपायलरच बिघडवलेला असेल तर तयार प्रोग्राममध्ये चोरवाट राहू शकते. २०१५ मध्ये अॅपलच्या ‘एक्सकोड’ या साधनाच्या अनधिकृत, बिघडवलेल्या प्रतींमुळे कित्येक अॅपमध्ये घातक कोड शिरला, आणि २०२० मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात हल्लेखोरांनी बिल्ड चालू असतानाच मूळ फाइल बदलली होती. प्रकल्पाच्या भांडारात जे लिहिलेले नाही तेही अंतिम वस्तूत उतरू शकते, हे या घटनांनी सिद्ध केले. डेबियनच्या स्वयंसेवकांनी २०१३ पासून पुनरुत्पादक बिल्डची, म्हणजे त्याच कोडमधून कोठेही अक्षरशः तीच फाइल मिळाली पाहिजे या अटीची, चळवळ चालवली आहे, आणि संगणकाच्या धन्याच्या खासगी नियमांना तिच्यात थारा नाही.

तरीही सार्वत्रिक, म्हणजे घर-फोल्डरमधून सर्व प्रकल्पांना लागणारा, प्लगइन एवढ्यामुळे टाकाऊ ठरत नाही. लायब्ररींच्या नव्या आवृत्त्या आल्या का हे सांगणारा, अवलंबनांचे झाड दाखवणारा किंवा संपादकासाठी फाइली तयार करणारा प्लगइन अंतिम वस्तूला हात लावत नाही. अशांसाठी घर-फोल्डर ही योग्य जागा आहे, आणि सहकाऱ्यांवर आपली आवड न लादण्याचा तो सभ्य मार्गही आहे. कोडची मांडणी बदलणारा, कंपायलरला सूचना देणारा किंवा तयार फाइलमध्ये काही भरणारा प्लगइन मात्र तेथे ठेवणे चूकच होय. संपूर्ण संस्थेला तो हवा असेल, तर ‘ग्रेडल’मधील संकेत-प्लगइन किंवा ‘मेव्हन’मधील पालक फाइल यांच्या रूपाने नियम एकदाच लिहून, आवृत्ती-क्रमांकासह प्रसिद्ध करून, प्रत्येक प्रकल्पाच्या बिल्ड फाइलमध्ये त्याचा नावानिशी उल्लेख करावा, त्यासाठी प्रत्येक प्रकल्पात फार तर दोन-चार ओळी वाढतात.